उपसर्ग नसलेल्या नोंदी

बदलांची यादी आता आपोआप तयार होते.
हे पहिलं वाक्य. दोन दिवस झाले, पानावर तेवढंच आहे.
राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी एका स्क्रिप्टचं वागणं माणसांच्या भाषेत लिहायला बसलेय
आणि खाली कुणीतरी सातबाऱ्याच्या प्रती काढतंय.
मशीनचा उजेड जिन्यापर्यंत येतो, परत जातो.

प्रकल्पाचं नाव 'पातळी'.
बंधाऱ्यावरचा सेन्सर दर पंधरा मिनिटांनी फूट-इंच सांगतो,
आमचा कोड तो आकडा पंचगंगेकाठच्या फोनांवर पोचवतो.
मालक कुणी नाही. ज्याला चूक दिसेल त्यानं काढावी.
आत्ता फेब्रुवारी. आकडा तळाशी निजलाय,
त्याला कुणी विचारत नाही.

लिहिते:
नवी आवृत्ती काढताना स्क्रिप्ट मागच्या खुणेपासूनच्या सगळ्या नोंदी वाचते.
जिच्या पुढे 'नवे' असेल ती वर.
'दुरुस्ती' असेल ती त्याखाली.
'किरकोळ' आणि 'माहिती' वगळते.
उपसर्गच नसेल तर,
वगळते.

दुरुस्तीतला रु ऱ्हस्व.
मागच्या खेपेला निम्म्यांनी तो दीर्घ काढला
आणि त्यांची सहा महिन्यांची कामं यादीत आलीच नाहीत.
शेवटी संपदा हुक्केरीनं स्क्रिप्टला दोन्ही रु शिकवले.
म्हणाली, नदीला कुठं शुद्धलेखन येतंय.

चाचणी म्हणून चालवून बघते.
एकशे चौदा नोंदी, यादीत एकेचाळीस ओळी.
बटणाचा निळा रंग थोडा गडद केला, ते आहे.
आकड्यापुढचा जादा पूर्णविराम काढला, तेही.
तौफिक नाही.

तौफिक शिकलगार, शिरोळचा.
दिवसभर विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करतो,
कोड पाठवतो तो रात्री अडीचला.
त्याची नोंद मला पाठ आहे:
'शून्य म्हंजे पाणी न्हाई असं न्हवं. बॅटरी गेली.
शून्य आलं तर गप बसू नका, माणूस उठवा.'

त्याआधी आमचा कोड शून्य वाचायचा
आणि सगळ्यांना कळवायचा, पाणी ओसरलं.
एका पहाटे कळवलंही होतं.
काठावरच्या दोन घरांनी
माळ्यावरच्या गाद्या खाली आणल्या होत्या.

फोन केला. म्हटलं, पुढे 'दुरुस्ती' लावायचं राहिलं तुमचं.
'ताई, दुरुस्ती मी मोटारीची करतो.
ह्यो तर जिवाला घोर हुता. त्याला काय लावू?'
मी म्हटलं, यादीत येणार नाही मग.
पलीकडे तांब्याची तार रिळावरून सुटत होती.
'आकडा येतोय न्हवं नीट? मग झालं की.'

एकदा झालेल्या नोंदीत हात घालता येत नाही.
एक अक्षर बदललं की तिच्यानंतरच्या प्रत्येकीची ओळख बदलते,
ज्यानं त्यानं उतरवून घेतलेली प्रत परकी होते.
हेही लिहिते, मुद्दा पाचमध्ये.
पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.
चहा आणते. चहा संपतो.

मग खाली मथळा टाकते, 'उदाहरण'.
स्क्रिप्टला वाचता न येणारी नोंद अशी दिसते,
आणि त्याखाली त्याची ती दोन वाक्यं,
म्हंजे आणि न्हवं यांच्यासकट.
नियम शिकायला जो येईल
तो इथं अडखळेल. अडखळू दे.

संपदानं वाचलं. विचारलं, प्रमाणभाषेत करूया का?
म्हटलं, नको.
थोड्या वेळानं तिनंच लिहिलं, नकोच.

साडेसात वाजले. झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं ओढलंय.
पान जतन करते, नोंदीपुढे शिस्तीत उपसर्ग लावते,
'माहिती: यादी आपोआप कशी तयार होते ते लिहिले'.
पाठवते. स्क्रिप्ट पुन्हा चालवते.

एकशे पंधरा नोंदी.
एकेचाळीस ओळी.
म्हणजे नियम बरोबर लिहिलाय.